मामा, कोडिंग काहून शिकायचं?

आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी, बाजार, बस स्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर म्हणजे पांढरकवड्याजवळचं जगदंबा देवीचं गाव. बाहेरचा माणूस कागदावर 'ता. केळापूर' वाचून येतो आणि मग पांढरकवड्यात फिरत बसतो. नाव एकीकडे, कारभार दुसरीकडे. आम्हाला लहानपणापासून सवय असल्यामुळे त्यात काही वावगं वाटत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. दिवाळीत गावी गेलो होतो. देवीचं दर्शन घेऊन गाडीवरून परत येत होतो, तो पुढे, मी मागे. पोरगं इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जरा वेळ गप्प होतं, मग म्हणालं, "मामा, मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ना? मंग मले कोडिंग काहून शिकायला लावून राह्यले? तेच करायचं होतं तं कॉम्प्युटरले नसतो गेलो? अन् आता तं एआयच लिहून देते सारं."

वाऱ्यात मला अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं. एआयचा भाग सोडला तर हेच वाक्य मी १९९३ साली जसंच्या तसं म्हटलं होतं. त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायला गेलो असतो तर नुसतं "शीक बाबा, कामी पडते" एवढंच निघालं असतं, आणि मामांच्या असल्या सल्ल्यांचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. नमनाला घडाभर तेल झालंच आहे, तर आता मूळ मुद्दा.

माझ्या पिढीच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सचं वेड रेडिओमुळे लागलं. घरातला जुना रेडिओ उघडायचा, बंद पडला की बाबांचा ओरडा खायचा, चालू झाला की नागपूर केंद्र ऐकायचं. माझ्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे हे होतं: सोल्डरचा धूर, रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे आणि मल्टिमीटरची थरथरणारी सुई. कॉलेजात ८०८५ मायक्रोप्रोसेसर आला. रमेश गावकरांचं १९८४ साली आलेलं ते जाडजूड पुस्तक तेव्हा सगळ्यांकडे असायचं, निदान त्याची झेरॉक्स तरी. प्रयोगशाळेत एक किट होतं, त्याला बारकासा कीपॅड. त्यावर '३ई' दाबलं की पुढचा आकडा ॲक्युम्युलेटरमध्ये जायचा, '७६' दाबलं की मशीन थांबायचं. आम्ही हे कोड पाढ्यांसारखे पाठ केले, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवले आणि विसरलो. "हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपण सर्किटवाले" असं म्हणण्यात एक ऐट होती. ही ऐट मला पुढे महागात पडली. ती हकीकत सांगायचीच आहे, पण त्याआधी थोडं मागे जाऊ. सर्किटवाले आणि प्रोग्रामवाले अशी वाटणी पहिल्यापासून होती असं मला वाटायचं. ती तशी नव्हती.

मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात एक संगणक बांधला गेला. आधी एक लहान नमुना केला, मग १९६० साली पूर्ण यंत्र सुरू झालं. १९६२ मध्ये त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं गेलं. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, आणि स्मरणशक्ती किती, तर ४० बिटांचे २,०४८ शब्द. आज भाच्याच्या हातातल्या घड्याळात याच्या कितीतरी पट जास्त असेल. या गटाचे प्रमुख होते आर. नरसिंहन. त्यांचं शिक्षण पाहिलं तर गंमत वाटते. मद्रासला गिंडीच्या कॉलेजात टेलिकम्युनिकेशन, मग अमेरिकेत कॅलटेकला इलेक्ट्रिकल आणि शेवटी पीएचडी गणितात! तेव्हा भारतात 'संगणक अभियंता' असा प्राणीच नव्हता. ज्यांनी यंत्र जुळवलं त्यांनाच ते चालवण्याचीही काळजी होती. आपण ज्याला आज दोन शाखा म्हणतो ती एकाच टेबलावरची दोन कामं होती.

वाटणी झाली ती पुढे, यंत्रं मोठी आणि महाग झाली, विकत येऊ लागली तेव्हा. यंत्र बनवणारे एकीकडे आणि वापरणारे दुसरीकडे. वापरणाऱ्यांचा धंदा वाढत गेला आणि त्याची वेगळी शाखा झाली. पण ती वाटणी होत असतानाच दुसऱ्या बाजूने एक घटना घडली, आणि माझ्या मते भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या घटनेत आहे.

१९६९ साली बिझिकॉम नावाच्या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटर बनवायचे होते. त्यासाठी त्यांना बरेच वेगवेगळे चिप हवे होते, प्रत्येकाचं काम ठरलेलं. हे काम त्यांनी इंटेल या तेव्हाच्या नव्या, छोट्या कंपनीला दिलं. तिथला टेड हॉफ हा स्टॅनफर्डचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याने आराखडा पाहिला आणि त्याला ते फार गुंतागुंतीचं वाटलं. प्रत्येक कामाला वेगळं सर्किट कशाला, एकच साधंसुधं, सगळी कामं करू शकणारं सर्किट बनवा आणि त्याने काय करायचं ते मेमरीत लिहून ठेवा, असा त्याचा विचार. त्याच्या जोडीला होता स्टॅन मेझर, जो मुळात प्रोग्रामर. बिझिकॉमकडून आलेला मासातोशी शिमा शिकलेला रसायनशास्त्र! आणि प्रत्यक्ष सिलिकॉनवर ते उतरवलं इटलीहून आलेल्या फेडेरिको फॅजिनने. १९७१च्या नोव्हेंबरात ४००४ हा चिप बाजारात आला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते.

लोक याकडे 'संगणक लहान झाला' म्हणून बघतात. मला त्यात वेगळं दिसतं. त्या दिवसापासून सर्किटचा एक भाग तारांमध्ये न राहता अक्षरांमध्ये गेला. आधी कॅल्क्युलेटर बेरीज कशी करतो ते सर्किटच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता यायचं. आता नकाशात दिसणार एक चिप, शेजारी मेमरीचा दुसरा चिप आणि मधल्या तारा. बेरीज कुठे आहे? ती मेमरीत लिहिलेली आहे. नकाशा वाचता येणाऱ्या माणसाला आता यंत्राचं निम्मंच वाचता येणार.

आपल्याकडे हा बदल खेड्यापाड्यांत पोचला तो टेलिफोनमधून. पूर्वीच्या एक्स्चेंजमध्ये नंबर फिरवला की रिले आणि स्विच खटाखट हलायचे. कुठला कॉल कुठे जायचा हे त्या लोखंडातच ठरलेलं असे. १९६५ साली अमेरिकेत मेमरीतल्या प्रोग्रामवर चालणारं मोठं एक्स्चेंज सुरू झालं. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी गावासाठी १२८ जोडण्यांचं एक लहान एक्स्चेंज बनवलं आणि ते १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसवलं. धूळ, ऊन, वातानुकूलन नाही, अशा ठिकाणी चालावं हा हेतू. उन्हाला तोंड देणं हे सर्किटवाल्यांचं काम, पण कॉल जोडण्याची सगळी अक्कल प्रोग्राममध्ये. ज्यांनी एसटीडीच्या बूथवर रात्री अकराला रांग लावून पाव दरात पुण्याला फोन केलेत, त्यांनी या मंडळींचे आभार मानायला हरकत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं उदाहरण. ते आपल्या, म्हणजे मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या, अगदी जवळचं आहे.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. विजय भटकर त्याचे प्रमुख. भटकर आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, इंजिनिअर झाले. त्यांचं नाव निघालं की सगळे 'परम'ची गोष्ट सांगतात. १९९१चा परम ८००० मोठाच पराक्रम होता, वाद नाही. पण त्याच सी-डॅकमधून जिस्ट नावाचं एक कार्ड निघालं, त्याची आठवण फार लोक काढत नाहीत. याची मुळं आयआयटी कानपूरमधली. तिथे आर.एम.के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी देवनागरी संगणकावर आणण्याचं काम केलं होतं. पुढे तांबे सी-डॅकमध्ये आले आणि जिस्ट त्यांच्याबरोबर पुण्यात आलं.

हे काय प्रकरण होतं ते समजायला त्या काळच्या पीसीचा पडदा आठवा. काळा पडदा, ८० रकाने, २५ ओळी. प्रत्येक घरात एक अक्षर. मेमरीत प्रत्येक घरासाठी एक आकडा ठेवायचा, आणि त्या आकड्याचं चित्र एका पक्क्या चिपमधून यायचं. इंग्रजीला हे छान जमतं. 'ए'चा आकडा एक, चित्र एक. मराठीत? 'कि' लिहिताना आधी 'क' उच्चारतो पण वेलांटी त्याच्या आधी काढतो. 'क्ष'मध्ये क दिसतही नाही. आणि 'र'ची तर किती रूपं! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्हीत अर्धा र आणि या, पण एकाचा रफार वर जातो आणि दुसरा चांदकोरीसारखा समोर लोंबतो. पक्क्या चिपमध्ये एवढी सगळी चित्रं कोंबायची म्हटलं तर जागा पुरणार नाही, आणि पुरली तरी शोधायचं आणि वर्णानुक्रमे लावायचं कसं?

यावर त्यांनी काढलेला तोडगा मला आजही सुंदर वाटतो. मेमरीत आपण जसं उच्चारतो तसं ठेवायचं: क, मग हलन्त, मग ष. दिसायचं कसं ते नियमांनी त्या त्या वेळी ठरवायचं. साठवण उच्चाराची, रूप नियमाचं. हे काम करणारं कार्ड पीसीच्या खाचेत बसवलं की डीबेस, लोटस, वर्डस्टार असली मूळ इंग्रजीसाठी लिहिलेली पॅकेजेस मराठीत अक्षरं दाखवायची. त्या पॅकेजना बिचाऱ्यांना पत्ताही नसायचा. उच्चारांच्या या क्रमाचं प्रमाणीकरण झालं, त्याचं नाव इस्की. १९८८ची आवृत्ती, मग १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोचं मानक.

आता विचार करा, हे काम कुठल्या शाखेचं? कार्ड बनवायचं म्हणजे पक्कं इलेक्ट्रॉनिक्स. पडद्यावर ठिपके वेळेत पोचले पाहिजेत. जोडाक्षरांचे नियम म्हणजे पक्कं प्रोग्रामिंग. आणि रफार कधी वर जातो ते कळायला बाराखडी गिरवलेला माणूस पाहिजे. यातला एकच भाग येणाऱ्याच्या हातून हे झालं नसतं.

पुढे काय झालं ते तर आणखी बोलकं आहे. पीसी वेगवान झाले, विंडोज आलं, आणि जे काम कार्ड करत होतं ते नुसत्या सॉफ्टवेअरने होऊ लागलं. कार्ड भंगारात गेलं. सी-डॅकनेही विंडोजसाठी सॉफ्टवेअर काढलं. पण त्या कार्डातली अक्कल गेली नाही. युनिकोडने देवनागरीचा तक्ता घेतला तो १९८८च्या इस्कीवरून. इस्कीत 'क'चा क्रमांक वेगळा, युनिकोडमध्ये वेगळा, पण रचना तीच, उच्चाराची. २००५च्या आसपास ज्यांनी ब्लॉग सुरू केले त्यांना 'शिवाजी' फॉन्ट, बरहा आणि पडद्यावर दिसणारे चौकोन आठवत असतील. चौकोन जाऊन अक्षरं उमटली तेव्हा आपण नाचलो होतो. ती अक्षरं ज्या क्रमाने साठवली जातात, तो क्रम एका सर्किटच्या पाटीभोवती जमलेल्या लोकांनी बसवलेला होता. त्यांनी "आम्ही हार्डवेअरवाले, आमचं काम कार्ड संपलं की संपलं" म्हटलं असतं तर कार्डाबरोबर सगळंच भंगारात गेलं असतं.

असो. आता माझी हकीकत.

१९९५ साली मी पुण्याला एका छोट्या कारखान्यात लागलो. नाव सांगत नाही. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. काट्याच्या फलाटाखाली लोडसेल असतो, त्यावर वजन पडलं की अगदी थोडे मिलिव्होल्ट निघतात. ते वाढवायचे, त्यांचा आकडा करायचा आणि ८०५१ नावाच्या मायक्रोकंट्रोलरला द्यायचा, तो लाल अंकांत दाखवतो. आकडा होईपर्यंतचं सगळं काम माझं. मला त्याचा फार अभिमान होता. विजेच्या ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट आकड्यात येऊ नये म्हणून मी सिग्नल बरोबर २० मिलिसेकंद, म्हणजे विजेचं एक पूर्ण आवर्तन, मोजायचो. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याला खातो आणि गुणगुणाट शून्य. सेकंदाला असे दहा आकडे. त्यांचं पुढे काय करायचं ते आमचा एक प्रोग्रामर बघायचा. हुशार मुलगा. वर्षभरात अमेरिकेला गेला.

आमचा एक काटा आमच्याच भागातल्या एका जिनिंगमध्ये लागला. कापसाच्या गाड्या तोलायला. गावात मी केवढा मोठा इंजिनिअर झालो होतो ते विचारू नका. फक्त एक अडचण होती. गाडीला बैल जुंपलेले. बैल काही इंजिनिअरच्या सोयीने उभे राहत नाहीत. पाय उचलला की आकडा हलतो. मी मोठे कपॅसिटर लावून पाहिले, जमलं नाही. प्रोग्रामरने तीन-चार ओळींत जमवलं. नवा आकडा आला की जुना एकदम बदलायचा नाही, दोघांतल्या फरकाचा सोळावा भाग तेवढा जुन्यात घालायचा. आकडा शांत झाला. आणि त्याने एक दिवा ठेवला: एका वेळची वाढ दोन किलोपेक्षा कमी झाली की 'स्थिर'चा दिवा लागतो आणि पावती छापता येते.

त्याच हंगामात मी घरी आलो तर मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओसरीवर वही घेऊन बसलेले. म्हणाले, "तुह्या काट्यात काहीतरी गडबड हाय बापू."

मोठेबाबा चौथी शिकलेले. पण कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, त्यामुळे रोज कोणी किती वेचला त्याचा हिशोब त्यांच्या वहीत. ते आकडे बेरजेला जिनिंगच्या पावतीपेक्षा दर गाडीला वीस-पंचवीस किलो जास्त येत होते. कापूस सुकतो, थोडी तूट धरलेलीच असते. पण दर गाडीला एवढी? आणि कमीच, जास्त कधीच नाही? वीस-पंचवीस किलो म्हणजे एखाद्या वेचणारीची दिवसभर वाकून केलेली मेहनत.

मला राग आला. मी त्यांना चक्क समजावून सांगितलं की इलेक्ट्रॉनिक काटा चुकत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन प्रमाणित वजनं एकेक करून फलाटावर ठेवली. काटा किलोला किलो बरोबर. तरी लोडसेल तपासला, तारा बदलल्या, अर्थिंग नवं केलं. सगळं चोख. परत आलो, सांगितलं. मोठेबाबांनी काहीच म्हटलं नाही. वही मिटली फक्त.

पुण्याला परतलो तरी ती मिटलेली वही काही डोक्यातून जाईना. हार्डवेअरचा दोष नाही याची मला खात्री होती. मग उरतं काय? प्रोग्राम. तो लिहिणारा सातासमुद्रापार. कपाटात त्या प्रोग्रामचा छापील कागद होता, ठिपक्यांच्या प्रिंटरवरचा, लांबच लांब. मला तो वाचता येत नव्हता. माझ्या हाताने बनवलेल्या यंत्राचा निम्मा नकाशा माझ्यासमोर होता आणि मी निरक्षर होतो.

मग रात्री बसून शिकलो. पाठ करून विसरलेले कोड परत काढले. तीन आठवडे लागले. आणि एका रात्री ती जागा सापडली. दिवा लागायची अट 'एका वेळची वाढ दोन किलोपेक्षा कमी' ही होती. पण वाढ म्हणजे उरलेल्या फरकाचा सोळावा भाग. म्हणजे वाढ दोन किलो होते तेव्हा खरा फरक ३२ किलो उरलेला असतो! गाडी फलाटावर आली की सहा सेकंदांत दिवा लागायचा, काटेवाला लगेच बटण दाबायचा, आणि पावती छापताना आकडा तिथेच गोठायचा. आणखी पाच-सहा सेकंद थांबलं तर तो बरोबर जागी पोचला असता. मी वजनं ठेवून तपासलं तेव्हा सावकाश, चहा पीत तपासलं होतं. हंगामात मागे गाड्यांची रांग, कोण थांबतो?

रिकामी गाडी तोलतानाही तेवढीच चूक झाली असती तर वजाबाकीत दोन्ही कटल्या असत्या. पण रिकाम्या गाड्या संध्याकाळी निवांत तोलल्या जायच्या, आकडा पुरता बसल्यावर. त्यामुळे भरलेली गाडी हलकी, रिकामी बरोबर, आणि मधली तूट शेतकऱ्याची. कोणाची लबाडी नव्हती. प्रोग्रामरने गाडी आणि रांग कधी पाहिली नव्हती. मी पाहिली होती, पण मला प्रोग्राम वाचता येत नव्हता. दोघांच्या मधल्या फटीतून कापूस सांडत होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. वाढ किती ते न बघता, लोडसेलकडून येणारा ताजा आकडा आणि दाखवलेला आकडा यांतला फरक बघायचा. जुना ईप्रॉम अतिनील दिव्याखाली ठेवून पुसला, नवा प्रोग्राम भरला, एसटीने गावी आलो आणि स्वतः बसवला. मालकांना सगळं सांगितलं. बाकी ठिकाणचे काटेही बदलले. मोठेबाबांना सांगायला गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "अन् मागच्या गाड्यायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही. आपल्या घरच्या पाच-सहा गाड्यांचा हिशोब वहीमुळे लागला आणि तेवढे पैसे मिळाले. ज्यांच्याकडे वही नव्हती त्यांचं काय झालं असेल, हा विचार मी फार खोलात जाऊन करत नाही, करवत नाही.

तर भाचेबुवा, काहून शिकायचं ते हे असं आहे. तुला मोबाइलचे ॲप लिहायचे नाहीत ना, नको लिहूस. ते करणारे भरपूर आहेत. पण सी शीक, एक मायक्रोकंट्रोलर हाताखालून घाल, आणि लिहिण्यापेक्षाही दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला शीक. तू बनवलेल्या पाटीवर पुढे जे चालणार आहे ते तुला वाचता आलं पाहिजे, एवढंच. एआय लिहून देतं म्हणतोस, खुशाल लिहून घे. त्या प्रोग्रामरच्या चार ओळीही एआयने अगदी तशाच लिहून दिल्या असत्या, कारण पुस्तकात त्या तशाच असतात. त्यात चूक नव्हतीच. चूक होती बैल, रांग आणि काटेवाल्याची घाई यांच्याशी त्या ओळी जुळवून पाहण्यात. ते कोण पाहणार? आणि उलटही खरं आहे. तुझ्या कॉम्प्युटरवाल्या मित्रांना २० मिलिसेकंदच का मोजायचे हे ठाऊक नसेल तर त्यांचा आकडा कायम थरथरत राहील, मग त्यांनी कितीही ओळी लिहोत.

हे सगळं मी त्याला भाऊबीजेच्या दुपारी सांगितलं. मोठेबाबा आता नाहीत, पण त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत. ती वही काढली, धूळ झटकली. पेन्सिलीतले आकडे बरेचसे पुसट झालेत, तरी वाचता येतात. पोरगं बराच वेळ ती पानं उलटत बसलं होतं. मग लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात गेलं. मला वाटलं कंटाळलं.

अर्ध्या तासाने आलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. दहा-बारा ओळी आणि खाली एक वक्ररेषा, वर चढत जाऊन हळूहळू आडवी होणारी.

"मामा, ३२ नाही. त्या खेपेचे दोन किलो त्यानं आधीच जोडले रायते. दिवा लागते तवा ३० उरते."

मी हिशोब करून पाहिला. बरोबर आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी सगळ्यांना ३२ सांगत आलो होतो.